नन्नाबाईंचा कान आणि जावयाची बोट

जुनी बोट विकत घेताना माणसांच्या अकलेचं काय होतं, हे कोडं नन्नाबाईंना उभ्या आयुष्यात सुटलं नाही. एरवी हीच माणसं भाजी घेताना देठ मोडून बघतात, चप्पल घेताना दुकानभर चालून बघतात. पण कुणाच्या तरी परसात वर्षानुवर्षं पालथी पडलेली, पोटात पालापाचोळा साठलेली फायबरची बोट दिसली, की ह्यांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी, डोक्यावर पांढरी टोपी आणि काठावर जळफळणारे शेजारी. मग ती ट्रॉलीवर चढवायची, दोरीने आवळायची आणि खाडीकाठच्या पत्र्याच्या शेडपुढे आणून उभी करायची. आणि वर हसत म्हणायचं, "बाई, जरा बघता का? थोडंसंच काम आहे."

"थोडंसंच काम आहे" हे ऐकलं की नन्नाबाईंच्या नाकाचा शेंडा एका बाजूला सरकत असे. शेडमधली माणसं हातातलं काम सोडून तेवढ्यासाठी दारात येत. कारण पुढे काय होणार ते ठरलेलं होतं. बाई नाही म्हणणार होत्या. प्रश्न फक्त कशा म्हणणार एवढाच होता.

त्यांना खरं नाव होतं आणि ते शेडवरच्या पाटीवर लिहिलेलंही होतं, पण पाटीवर इतक्या वर्षांत रेझिनच्या चिकाचे ओघळ आले होते आणि वाचायची कुणाला गरजही पडत नव्हती. अख्खा काठ त्यांना नन्नाबाई म्हणायचा. कुणीही या, काहीही आणा, बाईंचा नन्नाचा पाढा तयार. तोंडावर सगळे "बाई" म्हणत, पाठीमागे "नन्नाबाई", आणि बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचंही. हो म्हणायला काय, कुणीही म्हणतं, असं त्यांचं म्हणणं. पलीकडचा लांबीवाला म्हणतोच की. त्याच्याकडे कसलीही बोट न्या, तो हो म्हणणार, भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरणार, वरून घासून रंग मारणार आणि नवरीसारखी नटवून परत देणार. ती पुढे पाण्यात उभी फाटली तर त्याला काय त्याचं? नन्नाबाई त्याला माणसांत मोजत नसत.

बाईंची बघण्याची पद्धत मात्र बघण्यासारखी होती, हे त्यांच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं. आधी चहा संपवायचा. मालकाला उन्हात उभं ठेवायचं. मग बोटीच्या मागे उभं राहून, एक डोळा मिटून, तिच्या बाजू टोकापर्यंत न्याहाळायच्या. कुठे पोट सुटलंय, कुठे खळगा पडलाय, ते तिथूनच दिसतं. मग तळाला हात फिरवून फोड शोधायचे. आणि मग कमरेची लाकडी हातोडी काढून, कान बोटीजवळ नेऊन, पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत वीत वीत ठोकत जायचं. चांगलं फायबर टणटणीत बोलतं. थर सुटले असतील, आतल्या फळ्या कुजल्या असतील, तर आवाज बद्द येतो, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. शेवटी मागचं बूच काढायचं. आतून गढूळ तपकिरी पाणी आलं, की समजायचं आतलं लाकूड चहासारखं उकळून निघतंय. विषय संपला.

मग निकाल. एकाला बाई म्हणाल्या होत्या, "कोंबड्या पाळा हिच्यात. सोय चांगली आहे." एका दातांच्या डॉक्टराने बोट आणायच्या आधी बाहेरून छान रंगवून घेतली होती, त्याला विचारलं, "किडक्या दाताला तुम्ही वरून चुना लावता का हो?" एका नव्या नवरदेवाने बोटीवर बायकोचं नाव लिहून आणलं होतं. बाईंनी हातोडी आपटली, ती सरळ आरपार गेली. "नाव तेवढं पुसा," त्या म्हणाल्या, "नाहीतर घरी खपणार नाही."

आणि वाईट एवढंच, की बाई बहुतेक वेळा बरोबर असत. दहातल्या नऊ बोटी खरोखरच कुजक्या निघत. दहावीचं काय, हे कधी कुणी विचारलं नाही. नाही म्हटल्यावर ती बोट तिथेच शेडच्या कोपऱ्यात पडे, मालक तोंड लपवून जाई आणि यथावकाश कटरवाला येऊन तिचे तुकडे करी. त्या वेळी बाई हटकून हजर असत. कापलेल्या कडेतून काळं, भुसभुशीत लाकूड खाली पडलं, की ते चिमटीत धरून म्हणत, "बघितलंत?" समोर बघायला कुणी नसलं तरी म्हणत.

हे सगळं त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. वडील आधी फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायचे, मग बोटींकडे वळले. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी पोरीला अंग खाजवत ठेवणारी काचेच्या धाग्यांची मॅट कशी कापायची, रेझिन कधी घट्ट होतं आणि बोट कशी जोखायची ते शिकवलं. "आधी रिकामी कर, मग कोरडी कर, मग ठोक," एवढाच त्यांचा मंत्र होता. बाईंनी तो घोकून पाठ केला होता आणि पोटात कचरा तसाच ठेवून बोट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो त्या ओरडून ऐकवत. "पोट भरलेल्या माणसाची नाडी बघायची का मी? आधी रिकामी करा!"

वडील गेले, शेड बाईंकडे आली. नवरा कुठल्याशा कचेरीत होता. लग्न झालं तेव्हा तो माणूस पूर्ण वाक्यं बोलायचा, अशी आठवण जुने शेजारी सांगतात. पुढे त्याच्या लक्षात आलं की आपलं वाक्य अर्ध्यावर आलं की बायकोला त्याचा शेवट आधीच ठाऊक असतो आणि तो तिला पटलेला नसतो. मग त्याने बोलणं सोडून "हं" वर भागवायला सुरुवात केली. निवृत्त झाल्यावर तो गॅलरीत बसून खाडीकडे बघे. बाई त्यालाही फारसं कशात मोजत नसत, पण तो वाईट माणूस नाही, असं म्हणत.

त्यांना एकच मुलगी. शाळेत असल्यापासून ती शेडमध्ये होती आणि हाताची इतकी सफाईदार, की तिने घासलेल्या कडेवर बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये. बाईंनी हे तिला एकदाही बोलून दाखवलं नाही. मनात मात्र सगळा हिशेब तिच्यावरच होता. आपल्यामागे शेड तिची. आपण थकलो तरी हातोडी तिच्या हातात आणि कान आपला, असं चाललं पाहिजे.

आणि ह्या पोरीने लग्न केलं ते गादीवाल्याशी.

म्हणजे तसा तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. मऊ हात, मऊ पोट, मऊ बोलणं. गिऱ्हाइकाला गादीवर बसवून "जरा आडवे होऊन बघा ना" म्हणण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस बाईंच्या लेखी उभा राहायलाच लायक नव्हता. त्यात त्याला एक सवय होती. कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी "म्हणजे कसं ना" म्हणायचं, थांबायचं, हाताने हवेत काहीतरी सारखं करायचं आणि मग मुद्द्याकडे निघायचं. तो मुद्द्याला पोचेपर्यंत नन्नाबाईंचं उत्तर देऊन झालेलं असे. जावई त्यांना "आई" म्हणे. "ह्यांना मी कधी जन्म दिला?" असं त्या नवऱ्याला विचारत. नवरा म्हणे, "हं."

तर ह्या जावयाने एक दिवस बोट आणली.

झालं होतं असं, की मुलीच्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती. पलीकडच्या काठावर राहणारी पुष्कळ माणसं अलीकडे कामाला येत, दवाखान्यातल्या परिचारिका, दुकानांतल्या मुली. सरकारी लाँच संध्याकाळी लवकर बंद होई आणि मग त्या सगळ्यांना पुलावरून मोठा वळसा पडे. आपली एक बोट असावी, नवऱ्याने दुकान सोडून ती चालवावी, आपण ती सांभाळावी, असा तिचा विचार. बोट नवी घेणं शक्य नव्हतं. जुनी घ्यायची, नुसती बॉडी, इंजिनाशिवाय, आणि आपल्या हाताने उभी करायची. जावयाने चार ठिकाणी फिरून एक शोधली, टेम्पोवाल्याला सांगून, दोन दिवस पावसात भिजत, ट्रॉलीवर आणली आणि शेडपुढे उभी केली.

"थोडंसंच काम आहे," हे त्याने म्हटलं नाही, त्याला नियम ठाऊक होता. मुलगी आईला म्हणाली, "आई, तू बघ. तू हो म्हणालीस तर मी हात घालते. नाही म्हणालीस तर विषय बंद. परत बोटीचं नाव काढणार नाही."

नन्नाबाईंनी चहा घेतला. सावकाश घेतला. इतर गिऱ्हाइकांच्या वेळी त्यांना नुसता तिटकारा वाटे, आज तिटकाऱ्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. पोरगी शेड सोडून जाणार होती. कशासाठी, तर गादीवाल्याला टोपी घालून सुकाणूशी बसता यावं म्हणून. उद्या लोक म्हणतील, बाईंची मुलगी माणसांची ने-आण करते. आणि शेडमध्ये मागे कोण? आपण आणि हातोडी. ही भीती होती, सरळ सरळ भीती, पण नन्नाबाईंना भीती वाटते ही गोष्ट त्यांना स्वतःलाही मान्य झाली नसती. म्हणून त्यांनी तिला जावयाचा राग असं नाव दिलं आणि उठल्या.

मागे उभं राहून डोळा मिटला. बाजू सरळ होत्या. सुतासारख्या. तळाला हात फिरवला, फोड नव्हते. बाईंना हे आवडलं नाही. पुढच्या टोकाला हातोडी मारली आणि बोट अशी खणखणीत बोलली की दारातल्या कामगारांनीही माना वर केल्या. बाई पुढे सरकल्या. टण. टण. टण. जावयाच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, ते त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

मग मधल्या भागाच्या मागे एका ठिकाणी आवाज बदलला. बद्द. पुढे पुन्हा बद्द. थेट मागच्या फळीपर्यंत बद्द, डावीकडेही आणि उजवीकडेही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी नन्नाबाईंना आनंद झाला. कान कधी खोटं बोलत नाही असं त्या मनात म्हणाल्या आणि मान हलवली.

जावई पुढे आला. "आई, म्हणजे कसं ना, आतमध्ये मी—"

"जावईबापू," बाई हात वर करून म्हणाल्या, "बोट बोलतेय. दोघांनी एकदम बोलू नका. तिचं ऐकू द्या, ती तुमच्यापेक्षा मुद्द्याचं बोलते."

दारातले कामगार खो खो हसले. जावईही कसनुसा हसला आणि मागे झाला. मुलगी खाली वाकून ट्रॉलीच्या चाकाकडे बघत राहिली.

बाईंनी मागचं बूच काढलं. पाणी आलं, चांगलं धार लागून आलं. गढूळ, तपकिरी, कुबट वासाचं. त्यांनी बोटं त्यात बुडवून मुलीपुढे धरली.

"आत बघायचं नाही का?" मुलीने हळूच विचारलं. "झाकण उघडून?"

"शितावरून भाताची परीक्षा होते. पातेलं पालथं घालावं लागत नाही." बाईंनी हात फडक्याला पुसले. "सगळा मागचा भाग गेलाय. आतलं लाकूड, फळी, सगळं. वरून देखणी आहे, पण त्याचं काय करायचं? देखणेपणावर गाद्या विकल्या जातात, बोटी तरंगत नाहीत."

मुलीने एकदा बोटीकडे पाहिलं. तिने आपल्या हाताने हातोडी मारून पाहिली असती तर? पण तिने ती मागितली नाही. आईच्या कानावर तिचा इतका विश्वास होता की त्याची खातरजमा करावी हे तिच्या मनातही आलं नाही. "बरं," ती म्हणाली. "विषय बंद." आणि तिच्या घरीही तो खरोखरच बंद झाला. नवरा एकदा काहीतरी म्हणायला गेला तर ती म्हणाली, "नको. बोटीचं काही नको." त्या बाबतीत ती आईचीच मुलगी होती.

बोट कोपऱ्यात गेली. जावई दुकानात गाद्या विकत राहिला. मुलगी रोज वेळेवर येऊन, तोंडाला फडकं बांधून, दुसऱ्यांच्या बोटी घाशीत राहिली. आधी ती कामात गुणगुणायची, आईशी वाद घालायची, रेझिन पातळ झालंय म्हणून कामगारांवर ओरडायची. आता सांगितलं तेवढं करी आणि डबा उघडून एकटी बसे. शहाणी झाली, असं बाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने ह्या वेळी "हं" सुद्धा म्हटलं नाही. बाईंनी ते मनावर घेतलं नाही, त्याचं काय मनावर घ्यायचं!

पुढे शेडमध्ये जागा कमी पडायला लागली आणि कोपरा रिकामा करायचं ठरलं. कटरवाल्याला बोलावणं गेलं. इथे नन्नाबाईंनी जे केलं ते करायची काही एक गरज नव्हती. त्यांनी जावयाच्या सुट्टीचा दिवस निवडला आणि मुलीला सांगितलं, "त्यांनाही बोलाव. आपण काय उचलून आणलं होतं ते एकदा डोळ्यांनी बघू दे. पुन्हा कधी हौस आली तर आठवेल." जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, पण तेवढं शहाणपण कुणाकडे असतं?

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. बाई खुर्ची टाकून बसल्या, हातात चहा. कटरवाल्याने मागच्या फळीला वरून पातं लावलं.

धूळ उडाली. पांढरी, कोरडी, नाकात जाणारी. फायबरची, आणि तिच्यात लाकडाच्या भुशाचा ताजा वास. कुजक्या फळीतून धूळ उडत नाही, लगदा गळतो. बाईंनी कप खाली ठेवला.

कटरवाल्याने यंत्र थांबवून घाम पुसला. "बाई, ही जड जातेय. तुम्ही नाही म्हटलेल्या बोटी लोण्यासारख्या कापतात. ही कसली चिवट!"

"तुझं पातं बोथट असेल," बाई म्हणाल्या.

त्याने पातं बाजूला नेऊन खाली दाबलं, तसा खर्रकन आवाज झाला, यंत्राला हिसका बसला आणि बंद पडलं. त्याने ते ओढून काढलं तर पात्याला काहीतरी गुंडाळलेलं. कापड होतं. निळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं, ओलंचिंब, आणि त्याला लोंबणारे पिवळे स्पंजाचे तुकडे.

सगळे त्या कापडाकडे बघत राहिले. असं कापड कुठे असतं हे जगात प्रत्येकाला ठाऊक आहे.

नन्नाबाई उठल्या. ह्या वयात त्या ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढल्या, कुणाचा हात घेतला नाही, आणि बोटीच्या मागच्या भागातलं झाकण उपसून काढलं. आत गाद्या होत्या. दाबून दाबून, डावीकडून उजवीकडे, थेट फळीपर्यंत ठासलेल्या. पावसाचं पाणी पिऊन फुगलेल्या, आतल्या काथ्याचा रंग सुटून तपकिरी पडलेल्या. कटरवाल्याने आणि दोघा कामगारांनी त्या एकेक ओढून बाहेर टाकल्या तेव्हा जमिनीवर पाण्याचे लोट वाहिले, त्याच रंगाचे, त्याच वासाचे.

बाईंनी आत वाकून लाकडावर बोटं दाबली. ओलसर होतं, पण घट्ट. नख रुतलं नाही. खाली उतरून त्यांनी हातोडी काढली आणि बाहेरून मारली. टण. पुढे, टण. जिथे जिथे त्यांनी बद्द ऐकलं होतं तिथे तिथे बोट मंदिरातल्या घंटेसारखी वाजत होती. अशी बॉडी त्यांच्या शेडमध्ये कित्येक वर्षांत आली नव्हती. आणि तिच्या फळीला आता वरून हातभर चीर पडली होती.

त्यांना आधी आला तो राग, आणि तो जवळच्या माणसावर गेला. "बोटीत कुणी गाद्या भरतं का हो?" त्या जावयावर ओरडल्या. "आणि भरल्या तर सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

जावई गोंधळला. "म्हणजे कसं ना, वाटेत हादरे बसून आतून काही मोडू नये म्हणून दुकानातल्या जुन्या—"

"ते सांगत होते, आई," मुलगी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण शेडमध्ये मशीन बंद होतं आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या दिवशी ते तेच सांगायला पुढे आले होते. तू त्यांना गप्प केलंस आणि सगळे हसले. मी विचारलं, झाकण उघडायचं का, तर तू मला भाताचं सांगितलंस." तिने तोंडावरचं फडकं सोडलं. "रिकामी कर, कोरडी कर, मग ठोक. तू मला ते इतक्या वेळा सांगितलंयस की झोपेत म्हणेन. तू बोट बघितलीच नव्हतीस, आई. तू ह्यांना बघितलं होतंस."

नन्नाबाईंना लाज वाटली, आणि ती कशी बाळगायची हे माहीत नसल्यामुळे त्या भराभर बोलू लागल्या. चीर काही नाही, म्हणाल्या. नवी फळी घालू. आधी सगळी नीट वाळवू, मग आतून थर चढवू. आपण स्वतः करू, उद्यापासून, बाकीची कामं बाजूला ठेवून. बॉडी पहिल्या नंबरची आहे, आपल्या वडिलांनी सुद्धा हिला हो म्हटलं असतं. हो! त्या हो म्हणाल्या! कामगार एकमेकांकडे बघू लागले. बाईंच्या तोंडून एवढं कौतुक त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, आणि आता ते ऐकायला बोटीच्या मालकाला काही हौस दिसत नव्हती.

"नको," मुलगी म्हणाली. तिने हातमोजे काढून फळीवर ठेवले. "उद्या टेम्पो बोलावते. पलीकडे लांबीवाल्याकडे नेऊन ठेवीन."

"त्या लांबीवाल्याकडे?" बाईंचा स्वर चढला. "तो तिचं वाटोळं करेल! तो लांबी भरून—"

"तो काही करणार नाही. मी करणार आहे. त्याची फक्त जागा घेणार."

"मग इथे काय जागा नाही?"

"जागेचं काही नाही, आई," ती म्हणाली. "पण इथे ह्यांचं एक वाक्य पुरं होत नाही. बाबांचं पण झालं नाही. मला माझ्या घरात तसा माणूस नको आहे, नुसता हं म्हणणारा."

ह्यात चिडणं नव्हतं. फायबर किती जाड आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कामगारांनी ट्रॉली जोडून दिली. मुलीने आपली घासायची अवजारं, आपला डबा, आपला कामाचा जुना शर्ट असं सगळं गोळा केलं. आईच्या पाया पडली नाही, भांडलीही नाही, "येते" म्हणाली आणि पुढे जाऊन बसली. नन्नाबाई दाराशी उभ्या होत्या. बोट किती सरळ आहे ते त्यांना इथूनही दिसत होतं. जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं, पण असल्या वाक्याची त्यांना सवय नव्हती.

जावई टेम्पोत चढता चढता थांबला आणि परत फिरला. हा माणूस अजूनही चिडलेला नव्हता, हेच बाईंना सगळ्यात जास्त खटकत होतं. तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधले, मग सोडले.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे कसं ना, हिला मी—"

"असू द्या, असू द्या, जावईबापू," नन्नाबाई म्हणाल्या. "निघा आता. ऊन होईल."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना ते ऐकू आले. टेम्पोच्या खिडकीतून मुलगी इकडे बघत होती. तिने मान वळवून समोर रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली.

"काय म्हणत होतात?" बाईंनी घाईघाईने विचारलं. "बोला ना. बोला, मी ऐकतेय."

जावयाने थोडा वेळ हवेत हाताने काहीतरी सारखं केलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि जाऊन टेम्पोत बसला.